तेरा सेकंद जास्त

बोळेकाकांचं खरं नाव स्टुडिओच्या हजेरीपटात होतं आणि तिथंच ते पडून असायचं. बाकी सगळ्या दुनियेला ते बोळेकाका. घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी हा माणूस दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबायचा. बसचा भोंगा, हातगाडीवाल्याची आरोळी, शेजारणीचं भांडण, सगळं बाहेर. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा, हसा. कानांवर पोट आहे माझं." गेली सत्तावीस वर्षं ते सिनेमाची गाणी टेपवर घेण्याचं काम करत होते. काचेच्या अलीकडे ते, पलीकडे गाणारे आणि वाजवणारे. कुणाचा श्वास मोठा लागला, कुणाची खुर्ची कुरकुरली, तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याच्या खिशात किल्ल्या आहेत, असं सगळं त्यांना इकडून ऐकू यायचं.

पण त्या वर्षी कापूस हरला. कारण ते गाणं कापसातूनही आत यायचं.

न्हाव्याकडे गेले, तर तिथं तेच गाणं. इस्त्रीवाल्याकडे तेच. खालच्या मजल्यावरची म्हातारी तर रेकॉर्ड संपली की सुई परत मागे ठेवायची, दिवसातून निदान आठ वेळा. एका सिनेमाच्या सुरुवातीला, नावांच्या पाट्या पडताना वाजणारं संथ, विरहाचं गाणं. सिनेमा तीन आठवड्यांत उतरला, त्याची कथा आता कुणाला धड सांगता आली नसती, पण गाणं मात्र घराघरात जाऊन बसलं. आणि गाणारी कोण, तर एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच माइकसमोर उभी राहिलेली पोरगी. स्टुडिओत तिला सगळे छोटी म्हणत.

गाणं लागलं की बोळेकाका उठून उभे राहायचे. खिडकी लावायचे, उघडायचे, परत लावायचे. जेवताना लागलं तर पानावरून उठायचे.

"बसा हो जरा एका जागी!" बायको करवादायची. "पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? स्वतःच घेतलेलं गाणं आहे ना? लोक मिरवतात, तुम्ही पळता."

"डोकं दुखतंय," ते म्हणायचे.

"डोकं नाही, मन दुखतंय तुमचं. तीस वर्षं ओळखते मी तुम्हाला."

ती बरोबर ओळखत होती. काय दुखतंय, तेवढं मात्र तिला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. गाणं घेतलं त्या दिवशी छोटी भयंकर घाबरलेली होती. शेवटच्या ओळीत आवाज वर चढवत न्यायचा आणि सगळ्यांत वरच्या सुरावर थांबायचं होतं. पेटीवरची पांढरी पट्टी ठरली होती, तिच्या गळ्याला जेमतेम झेपेल अशी. दहा वेळा गाणं झालं आणि दहाही वेळा तो वरचा सूर जरा हलला. संगीतकार, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते चष्मा पुसत बसले. तिची आई काचेच्या अलीकडे, बोळेकाकांच्या मागे, पदर मुठीत धरून उभी. टेलिफोन कचेरीतली नोकरी सोडून ती लेकीच्या मागे लागली होती. लेकीचं गाणं हेच आता तिचं काम. अकराव्या खेपेला छोटीनं काय मनात आलं कुणास ठाऊक, पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि अनवाणी उभी राहिली. आणि तो सूर लागला. असा लागला की वाजवणारे वाजवायचं संपल्यावरही दोन क्षण हात वर धरून बसले. आई मागे हुंदके देत होती, तेही बोळेकाकांना ऐकू येत होतं.

सगळे पेढे खाल्ल्यासारखी तोंडं करून घरी गेले. आणि चार दिवसांनी सिनेमाचा दिग्दर्शक उगवला.

"गाणं मोठं झालंय," तो म्हणाला. "पाट्या तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांच्या आहेत. तुमचं गाणं तीन चोपन्न. तेरा सेकंद जास्त."

"मग पाट्या वाढवा."

"पाट्या छापून झाल्या, जोडून झाल्या. उद्या प्रती निघणार."

"मग कडवं कापा."

"कडवं कापलं तर मास्तर माझा गळा कापतील. तुम्हीच काहीतरी करा ना, काका. तुमच्या हातात जादू आहे म्हणतात."

झालं. जादू म्हटलं की हा माणूस विरघळायचा. स्टुडिओत नवं मशीन आलं होतं, त्याला टेपचा वेग कमी-जास्त करायची एक कळ होती. बोळेकाकांनी मूळ टेप त्या मशीनवर लावली, कळ किंचित फिरवली आणि दुसऱ्या टेपवर नक्कल घेतली. तीन मिनिटं एक्केचाळीस, मोजून. पण टेप जोरात फिरली की नुसता वेळ वाचत नाही, सूरही वर सरकतो. पांढऱ्या पट्टीतलं गाणं तिच्या शेजारच्या काळीत जाऊन बसलं. पेटीवर एका बोटाचं अंतर. ऐकणाऱ्याला कळत नाही. उलट आवाज कोवळा लागतो, कल्हई केल्यासारखा चकचकीत. दिग्दर्शकानं टाळी वाजवली. बोळेकाकांनीही, खोटं कशाला सांगा, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मास्तरांना मात्र पहिल्या ओळीलाच कळलं. त्यांचा कान तो. त्यांनी भुवया वर केल्या, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं वाटतंय. पण बोलू नकोस कुठं. पोरीचा आवाज मशीनमध्ये बनवलाय म्हणतील. नवीन आहे बिचारी."

पोरीच्या भल्यासाठीच गप्प राहायचं, असं ठरलं. रेकॉर्डही त्याच नकलेवरून निघाली. पोरीला कुणी विचारलं नाही, आणि सांगावंसंही कुणाला वाटलं नाही.

पुढे गाणं गाजलं आणि छोटीला जागोजागच्या कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. आता बघा गंमत. कार्यक्रमातले वाजवणारे रेकॉर्ड ऐकून बसवणार. रेकॉर्ड काळीत, म्हणून तेही काळीत. जो सूर तिनं अकराव्या खेपेला, जीव एकवटून, एकदाच लावला होता, त्याच्याही वरचा सूर तिनं दर कार्यक्रमात लावायचा. वर लोक 'पुन्हा, पुन्हा' ओरडणार, की परत लावायचा.

दोन महिन्यांनी ती दुसऱ्या एका गाण्यासाठी स्टुडिओत आली. वाळली होती. मधल्या सुट्टीत सगळे चहाला गेले तेव्हा ती काचेच्या अलीकडे बोळेकाकांपाशी येऊन बसली.

"काका, एक विचारू? हसाल."

"विचार की."

"त्या दिवशी मी काय केलं होतं? म्हणजे कशी उभी होते? माइकपासून किती लांब? मला तो सूर आता लागतच नाही. कधी लागलाच तर ओढून आणावा लागतो. मी तेच पिवळं पातळ नेसून बघितलं. त्या दिवशी सकाळी जे खाल्लं होतं तेच खाऊन बघितलं. वेड्यासारखं करते मी. आई म्हणते, रेकॉर्डवर आलाय ना तुला, मग गळ्यात आहेच. मेहनत कमी पडतेय."

सांगायचं होतं ते तेव्हा. दोन वाक्यांचं काम होतं. बोळेकाकांनी तोंड उघडलंसुद्धा. आणि त्या तोंडातून बाहेर काय पडावं?

"तू चपला काढल्या होत्यास."

छोटीचा चेहरा असा उजळला की त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं. "हो! हो की! अय्या, कशी विसरले मी!" ती टुणकन उठली आणि आईला सांगायला धावली.

त्यानंतर ती प्रत्येक कार्यक्रमात अनवाणी गायला लागली. लोकांना वाटलं ही तिची लकब. मासिकात फोटो आले. काही पोरींनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचं गाणं अनवाणी गाऊन दाखवलं. बोळेकाकांना तो फोटो इस्त्रीवाल्याकडे, शर्ट बांधलेल्या कागदावर भेटला. गार फरशीवर उभी असलेली दोन पावलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि दोन दिवस तो खिशातच चाचपत राहिले.

एका रविवारी दुपारी ते कुणाला न सांगता तिच्या कार्यक्रमाला गेले. मागच्या रांगेत बसले आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच लोकांच्या गर्दीत कानातले बोळे काढले. शेवटची ओळ आली. इतरांनी जे ऐकलं ते सुंदरच होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी ऐकलं ते वेगळं. सुराच्या खाली एक खरखर होती, बारीक, कोरड्या लाकडावर नख ओढावं तशी. मग तिनं लोकांच्या आग्रहाखातर ते परत गायलं आणि खरखर वाढली.

ते उठून मागच्या दारानं आत गेले. आज सांगायचंच. कपडे बदलायच्या खोलीबाहेर पोचले तर आतून आईचा आवाज.

"पहाटे पाचला उठवते तर तोंड फिरवतेस. एकदा आलेला सूर जातोच कसा? अं? रेकॉर्डवर कोण गायलंय, मी?"

"मी करते ग रियाज, आई. शप्पथ करते."

"करत असतीस तर आला असता! मी नोकरी सोडली ती काय तुझी नाटकं बघायला?"

मग रडणं. बोळेकाका दाराची कडी धरून उभे होते. शेवटी ते आले तसे निघून गेले, आणि जिना उतरताना दोन पायऱ्या चुकून जवळजवळ पडलेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, पोरीला सांगू या. गळा जाईल तिचा."

मास्तर पेटीवर बोटं फिरवत होते, ती थांबली नाहीत. "काय सांगणार? की बाई, तू गाजलीस ते तुझ्या आवाजावर नाही, एका कळीवर? मोडून पडेल ती."

"पट्टी उतरवून गायली तर निभेल."

"आणि लोक म्हणतील रेकॉर्डवर वेगळी, समोर वेगळी. तुझं नाव येईल, माझं येईल. थोडे दिवस जाऊ देत. पुढचं गाणं आलं की हे विसरतील लोक."

बोळेकाका 'बरं' म्हणाले. मान खाली घालून 'बरं' म्हणायची सवय असते ना काहींना, त्यातले ते. थोडे दिवस जाऊ देत. गेले की. एक महिना गेला, दोन गेले. रोज सकाळी दाढी करताना ते ठरवायचे, आज. आणि रोज संध्याकाळी बोळे काढून डबीत ठेवताना म्हणायचे, उद्या.

आणि एके दिवशी सकाळी पेपरात चार ओळी आल्या. छोटीचे सगळे कार्यक्रम रद्द. घशाला गाठ. डॉक्टरांनी तीन महिने एक अक्षरही बोलायला मनाई केलीय, गाण्याचं नंतर बघू म्हणालेत.

पेपर त्यांच्या हातातून सुटला. बायको आतून आली. आणि मग त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, मांडीवर हात आपटत, सगळं ओकून टाकलं. दिग्दर्शक, तेरा सेकंद, कळ, मास्तर, चपला, दाराबाहेरून ऐकलेलं रडणं. बायको ऐकत राहिली.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "त्या लेकरानं जो सूर कधी गायलाच नव्हता, तो तिला रोज गायला लावलात."

"मी नाही लावला..."

"मग कुणी? अहो, सात महिने! सात महिने मूग गिळून बसलात? दुसऱ्याच्या किल्ल्या वाजलेल्या ऐकू येतात तुम्हाला, आणि ते पोर रडतंय ते दाराबाहेर उभं राहून ऐकलंत आणि घरी आलात? आणि त्या रात्री व्यवस्थित जेवलात. मीच वाढलं!"

"लाज वाटते ग मला," ते म्हणाले. "जीव जाईल इतकी लाज वाटते."

"वाटू दे. ती घेऊनच जा तिच्याकडे. आत्ता."

नुसतं सांगून भागणार नव्हतं. तोंडचं बोलणं त्या पोरीला दिलासा वाटलं असतं, म्हाताऱ्यानं लावलेलं मलम. बोळेकाका स्टुडिओत गेले, फडताळातून मूळ टेप काढली. खोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, अकरावी खेप, पांढरी. मग जड टेपरेकॉर्डर उचलला, छातीशी धरला आणि बसमध्ये चढले. बसायला जागा होती, पण बसवेना. मशीन पोटाशी घेऊन उभेच राहिले. तीन थांबे आधीच उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले, कारण बस सिग्नलला थांबली तेही त्यांना सहन होईना. बोळे घालायचे राहूनच गेले होते. रस्त्याचा सगळा गोंगाट थेट कानात घुसत होता.

दार आईनं उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. "या," एवढंच म्हणाली. "बोलायचं नाही हं तिला. मी काढा उकळायला ठेवलाय," आणि आत गेली.

छोटी खिडकीशी खुर्चीवर बसली होती. मांडीवर लहान मुलांची असते तशी पाटी, हातात खडू. पाय उघडे, गार फरशीवर. घरातसुद्धा. त्यांना बघून ती हसली आणि पाटीवर लिहिलं, 'काका, तुम्ही!'

बोळेकाकांनी मशीन टेबलावर ठेवलं. टेपचं टोक रिळात अडकवायला चार खेपा लागल्या. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"छोटे, मी एक ऐकवतो. मग मला हवं ते लिही. शिव्या लिही. मी वाचीन."

त्यांनी बटण दाबलं. गाणं सुरू झालं. किंचित जड, किंचित सावकाश. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. पहिल्यांदा वाटलं असावं, मशीन बिघडलंय. मग ती पुढे वाकली. कोपऱ्यात तिची पेटी होती. ती उठली, पेटीपाशी बसली, भाता हलवला आणि रोजच्या सवयीनं काळी पट्टी दाबली. कर्कश वाजली, टेपशी जमेना. तिनं बोट उचललं. थोडा वेळ ते तसंच हवेत राहिलं. मग तिनं शेजारची पांढरी दाबली.

जुळली.

तिनं बोट पट्टीवरून उचललं नाही. शेवटची ओळ आली, आवाज वर चढला आणि वरच्या सुरावर थांबला. तिचाच आवाज, निखळ, कुठं खरखर नाही, कुठं ओढाताण नाही. टेप संपून रीळ नुसतं फिरत राहिलं, तेव्हा बोळेकाकांनी ते बंद केलं.

"तू गायलीस ते हे," ते म्हणाले. "रेकॉर्डवर आहे ते मी केलंय. टेप जोरात फिरवून. तेरा सेकंद वाचवायला. तो वरचा सूर तू कधी गायलीच नव्हतीस, पोरी. कुणीच गायलं नव्हतं. तू मला विचारलंस आणि मी चपलांचं सांगितलं."

तिनं पाटी ओढून घेतली. खडू इतका दाबला की मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहिलं, 'माहीत होतं?'

"हो."

'कधीपासून?'

"पहिल्या दिवसापासून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं आता ती पाटी फेकून मारेल. मारावी, असंही वाटलं. तिच्या गळ्याची शीर हलली, ओरडायला तोंड उघडलं आणि डॉक्टरांचं आठवून तिनं ते हातानं दाबून धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आवाज नाही, काही नाही. कान हेच ज्याचं सगळं, त्या माणसाला त्या खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते त्याला सोसवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं तळहातानं पाटी पुसली. ओल्या हाताचे फराटे उठले. त्यावरच हळूहळू, अक्षर न् अक्षर कोरून लिहिलं आणि पाटी त्यांच्यापुढे धरली.

'आईला सांगा. मी रियाज चुकवला नव्हता.'

बोळेकाका उठले. वाटेत तिच्या चपला पडल्या होत्या, त्या उचलून त्यांनी तिच्या पायांशी ठेवल्या. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आई पाठमोरी होती, भांड्यावर झाकण ठेवत होती.

"वहिनी, तुम्हाला काही सांगायचंय."

"थांबा हं, एवढा काढा गाळते आणि मग ऐकते," ती म्हणाली. "काही घाई नाही ना?"

"आहे," बोळेकाका म्हणाले. "आधी ऐका."